फरशीखालचा क्लेद : चिकित्सालय व औषधालयातील ओल, बुरशी आणि आपले कर्तव्य

चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्याच अध्यायात जांगल, आनूप आणि साधारण अशा तीन देशांचे वर्णन आले आहे. अमरावती-अकोल्याकडील कोणाही वैद्यास आपला देश कोणता असे विचारले, तर तो विनाविलंब ‘जांगल’ असे उत्तर देईल आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जाणारा पारा, विरळ झाडी, अंग भाजून काढणारे वारे आणि वात-पित्तप्रधान व्याधी ही आपल्या वऱ्हाडाची ओळख होय. ओल, बुरशी, कुबट वास ही कोकणची दुखणी. आपला त्यांच्याशी संबंध आला तर आषाढ-श्रावणातील चार दिवस, अशी आपली समजूत असते.

या समजुतीमुळे एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. देश जसा भूभागाचा असतो, तसा तो वास्तूचाही असतो. न्हाणीघराच्या फरशीखाली वर्षानुवर्षे पाणी मुरत असेल, लगतच्या खोलीची भिंत हात-दोन हात ओली राहत असेल आणि खिडक्या बंद असतील, तर बाहेर वैशाख तापत असतानाही त्या घरात एक लहानसा आनूप देश नांदत असतो. आपला रुग्ण त्या देशात रात्रभर श्वास घेतो. आपल्या चिकित्सालयात ही स्थिती असेल, तर आपली औषधे तेथे मुक्काम करतात. हा विषय गवंड्याचा किंवा प्लंबरचा आहे असे प्रथमदर्शनी वाटेल; परंतु त्याचे परिणाम आपल्या खाटेवर आणि आपल्या बरण्यांत दिसतात, म्हणून व्यवसायबंधू-भगिनींपुढे तो सविस्तर मांडावा असे आम्हांस वाटले.

शास्त्राची आज्ञा

ज्या अध्यायात देशांचे वर्णन आहे, त्याच अध्यायात चरकाचार्यांनी औषधे कोठे ठेवावीत हेही सांगितले आहे. औषधगृहाचे दार पूर्वेस अथवा उत्तरेस असावे, ते निवात असूनही हवा खेळती असावी. अग्नी, पाणी, दमटपणा, धूर, धूळ, उंदीर आणि चतुष्पाद प्राणी यांचा तेथे शिरकाव नसावा. द्रव्ये नीट झाकून शिंक्यावर टांगून ठेवावीत, असा त्याचा आशय आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३८व्या अध्यायाच्या शेवटी धूर, पाऊस, वारा आणि क्लेद यांचा कोणत्याही ऋतूत उपद्रव होणार नाही अशा घरात औषधसंग्रह करावा असे म्हटले आहे. ‘कोणत्याही ऋतूत’ हे शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत. पावसाळ्यापुरती दक्षता त्यांना अभिप्रेत नव्हती.

रुग्णाच्या बाजूनेही शास्त्र मौन नाही. वर्षाऋतूत अग्नी मंद होण्याच्या कारणांत चरकाचार्यांनी भूबाष्पाची, म्हणजे जमिनीतून वर येणाऱ्या वाफेची गणना केली आहे. वाग्भटाचार्य वर्षाऋतूत वरच्या मजल्यावर, जेथे ही वाफ, गारठा आणि तुषार पोहोचत नाहीत तेथे राहावयास सांगतात. हिक्का-श्वासाच्या निदानात धूळ, धूर, वारा यांच्यासोबत शीत स्थानाचा उल्लेख आहे आणि तमक श्वास ढगाळ हवा, पाणी, थंडी व पूर्वेचा वारा यांनी वाढतो असे सांगितले आहे. जमिनीतून येणारी ओल, श्वसनमार्ग आणि औषधांचे वीर्य या तीन गोष्टींचा संबंध आपल्या आचार्यांना परिचित होता, हे यावरून स्पष्ट होते.

आधुनिक मताचाही निष्कर्ष निराळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर वास्तूत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी व दमा अधिक आढळतो, असे त्यांत नमूद आहे. हवेत बुरशीचे अमुक इतके कण असले तरी चालतील अशी मर्यादा त्यांनी ठरवून दिली नाही. ओल टिकू न देणे हाच उपाय सांगितला. आपल्या परिभाषेत हे निदानपरिवर्जनच होय.

काळी जमीन आणि घरात आलेले न्हाणीघर

आता आपल्या भागाकडे वळू. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कापसाची जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. या मातीतील माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीचा हा स्वभाव आहे. मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्या मिटतात. हीच उघडझाप आपल्या घराच्या जोत्याखालीही दरवर्षी चालू असते. जोत्यात भरलेला मुरूम नीट दाबलेला नसेल तर फरशी खचते, कोपरे सुटतात आणि फरशीखालून गेलेल्या सांडपाण्याच्या नळाचे सांधे निखळतात. वरून शहाबादी किंवा टाइल्सची फरशी अखंड दिसते. खाली मात्र प्रत्येक स्नानाचे थोडे पाणी मुरमात जिरत असते.

जुन्या वऱ्हाडी घरांत मोरी बाहेरच्या भिंतीला असे आणि तिचे पाणी परसातील केळीकडे अथवा अळूकडे जाई. भिंत मातीची असली तरी तिला दोन्ही बाजूंनी हवा मिळे. पुढे न्हाणीघर व संडास घराच्या पोटात आले, झोपण्याच्या खोलीला चिकटले आणि अनेक ठिकाणी तर जिन्याखाली गेले. त्या बदलाची सोय निर्विवाद आहे. परंतु ओल बाहेर टाकणारी रचना जाऊन ओल आत कोंडणारी रचना आली, हेही तितकेच खरे.

त्यात पाणीपुरवठ्याची भर पडते. अकोला शहरास काटेपूर्णा प्रकल्पातून पाणी मिळते आणि अनेक भागांत नळ रोज येत नाही. साहजिकच प्रत्येक घरी जमिनीतील टाके, गच्चीवरची टाकी आणि न्हाणीघरात भरलेले पिंप असतेच. टाक्याची भिंत आणि न्हाणीघराचे जोते एकमेकांस लागून असेल, तर टाक्याची बारीक भेगही बारमाही झरा ठरते. उन्हाळ्यात चार महिने चालणारा कूलर बंद खोलीत दमटपणा वाढवतो. म्हणून आपल्याकडे ग्रीष्मातही बुरशीस अनुकूल कोपरे सापडतात. जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर येऊन अकोल्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, तशा प्रसंगी तर जोत्यातील भराव पूर्ण भिजतो आणि वरचा पृष्ठभाग वाळल्यावरही तो दीर्घकाळ ओला राहतो.

अमेरिका, युरोपातील कित्येक घरांत न्हाणीघराच्या फरशीखाली लाकडी फळ्या असतात. पाणी शिरले की त्या कुजतात, त्यांवर बुरशी वाढते आणि जमीन पायाखाली दबू लागते. आपल्याकडे खाली दगड, मुरूम आणि सिमेंट असल्यामुळे फरशी दबत नाही आणि त्यामुळे इशाराही मिळत नाही. बुरशीला सिमेंट खाता येत नाही. साबणाचा साका, धूळ, लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा, बारदान ही तिची अन्ने होत. म्हणून फरशीखालील ओल ही फरशीवर क्वचितच दिसते. ती दिसते दाराच्या चौकटीच्या पायाशी, प्लायवूडच्या कपाटामागे आणि दुर्दैवाने औषधांच्या पोत्यांत. चौकटीला वाळवी लागली तर वाळवीचे औषध मारण्यापूर्वी न्हाणीघराकडे एकवार पाहावे.

ओलीचे निदान

व्याधीचे निदान करताना आपण काल, देश आणि उपशय पाहतो. ओलीचे निदानही त्याच मार्गाने होते. त्यास महागडे यंत्र लागत नाही.

ओल बारमाही, एकसारखी आणि सर्व ऋतूंत असेल, तर दाबाखालील पाण्याचा नळ किंवा टाके गळत असण्याचा संभव अधिक. रात्री सर्व तोट्या बंद करून गच्चीवरील टाकीच्या पातळीवर खूण करावी आणि पहाटे पाहावी. वापर नसताना पातळी उतरली असेल तर गळती निश्चित. ओल स्नानानंतर वाढते आणि घर चार दिवस बंद असल्यास कमी होते, असे आढळले तर नहाणी ट्रॅप, फरशीचे सांधे किंवा सांडपाण्याचा नळ दोषी समजावा. ट्रॅपचे तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करून फरशीवर दोन बोटे पाणी २४ तास साठवून ठेवल्यास पातळी किती घटते आणि शेजारच्या भिंतीवर काय उमटते, ते कळते. ओल केवळ पावसाळ्यात भिंतीच्या पायथ्यापासून वर चढत असेल, तर ती जमिनीतून येत आहे आणि जोत्यावर ओलप्रतिबंधक थर नाही किंवा तो निकामी झाला आहे असे मानावे.

संशयित जागी फरशीवर नाण्याने हलके ठोकावे. भक्कम जागी खणखणीत आणि पोकळ जागी बद्द आवाज येतो. शेजारच्या कोरड्या वाटणाऱ्या खोलीत हात-दीड हात प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने फरशीवर पक्का बसवावा आणि एक अहोरात्र तसाच ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूस थेंब जमले किंवा फरशीचा रंग गडद झाला, तर ओल खालून वर येत आहे, हवेतील नव्हे.

येथे आपल्या भागापुरती एक विशेष सूचना करणे आवश्यक वाटते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. असे पाणी भिंतीत चढले आणि वाळले की पांढरा फुलोरा उमटतो. त्यालाच आपण लोणा म्हणतो. पुष्कळ लोक त्यालाच बुरशी समजतात, तर काही ठिकाणी खऱ्या बुरशीला लोणा समजून चुन्याचा हात मारला जातो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. त्या पांढऱ्या थरावर पाण्याचा थेंब सोडावा. क्षार बहुधा विरघळतो. बुरशी विरघळत नाही, चिकटून बसते, तिला कुबट वास असतो आणि कालांतराने ती हिरवट किंवा काळी पडते. दोहोंचे मूळ ओलच असले तरी श्वासरुग्णाच्या दृष्टीने आणि औषधसाठ्याच्या दृष्टीने बुरशी अधिक घातक आहे.

रुग्णाला विचारावयाचे प्रश्न

अमरावतीच्या जुन्या वस्तीतील एक पन्नाशीच्या गृहिणी कास-श्वासासाठी आमच्याकडे येत असत. सितोपलादी, वासा, कंटकारी यांनी उपशय मिळे, परंतु पंधरवड्याने त्या पुन्हा दारात उभ्या राहत. बोलण्याच्या ओघात त्या म्हणाल्या की नागपूरला लेकीकडे गेल्यावर औषध घेण्याचीही आठवण राहत नाही आणि घरी परतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री खोकला सुरू होतो. त्यांच्या पलंगाची उशाकडील भिंत न्हाणीघराची होती. पलंग दुसऱ्या खोलीत हलवला, पुढील उन्हाळ्यात फरशी उकलून नळ बदलला आणि त्यानंतर औषधाची मात्रा निम्म्यावर आली. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु स्थान हासुद्धा उपशय-अनुपशयाचा भाग आहे, याची ती उत्तम साक्ष होती.

म्हणून दीर्घकालीन कास, श्वास, प्रतिश्याय आणि वारंवार उठणाऱ्या कंडूच्या रुग्णास चार प्रश्न अवश्य विचारावेत. परगावी गेल्यावर बरे वाटते काय? त्रास रात्री किंवा पहाटे अंथरुणातच वाढतो काय? खोलीत कुबट वास येतो काय? पलंग वा कपाट न्हाणीघराच्या भिंतीस लागून आहे काय? या चारांपैकी दोहोंची उत्तरे होकारार्थी आली, तर औषधपत्राखाली घराच्या दुरुस्तीचा सल्ला लिहावा.

त्याचबरोबर आपल्या मर्यादाही ओळखाव्यात. श्वासमार्गे घ्यावयाची औषधे चालू असलेल्या रुग्णाने ती आपल्या सल्ल्याने एकाएकी बंद करू नयेत. ओलसर जागेत किंवा बुरसटलेला माल हाताळल्यावर काही तासांनी ज्वर, कास आणि धाप अशी लक्षणे पुनःपुन्हा येत असतील, किंवा दम्याच्या रुग्णात तपकिरी चिकट कफाचे गोळे पडत असतील, तर छातीविकारतज्ज्ञाकडे पाठवण्यास विलंब करू नये. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ हे नाव मिळाल्यापासून भिंतीवरचा काळा डाग पाहून रुग्ण घाबरतात. त्या व्याधीतील काळेपणा मृत झालेल्या धातूंचा असतो. भिंतीवरील काळा डाग म्हणजे तो व्याधी नव्हे. मात्र अनियंत्रित मधुमेह किंवा क्षीण बल असलेल्या रुग्णाने कोणतीच बुरशी खरवडू नये, हेही सांगावे.

औषधसाठा : कायद्याची सूट, शास्त्राची नाही

औषधनिर्मितीच्या चांगल्या पद्धतींविषयीचे शेड्यूल टी २००० साली अधिसूचित झाले. कच्च्या मालाचे कोठार हवेशीर आणि ओलीपासून मुक्त असावे अशी त्यात अपेक्षा आहे. जे नोंदणीकृत वैद्य केवळ आपल्या रुग्णांसाठी औषध तयार करतात आणि बाजारात विकत नाहीत, त्यांना त्या अटींतून सूट आहे. ही सूट आपल्या परंपरेचा सन्मान म्हणून मिळाली आहे. परंतु क्लेदमुक्त औषधगृहाची चरक-सुश्रुतांची आज्ञा तर वैद्यालाच उद्देशून आहे. तिच्यातून कोणासही सूट नाही.

आपल्या बहुसंख्य चिकित्सालयांत पुढे तपासणी, मध्ये औषधयोजना आणि मागे न्हाणीघर व कोठार अशी मांडणी असते. पंचकर्म करणाऱ्यांकडे तर स्वेदनाची वाफ, स्नानाचे गरम पाणी, तेल आणि उटणे या सर्वांचा भार एकाच ट्रॅपवर पडतो. तेल व उटण्याचा राडा जाळीत साचतो, पाणी तुंबते आणि सांध्यांतून वाट काढते. त्याच भिंतीच्या पलीकडे अश्वगंधा, शतावरी, मुसळीची पोती जमिनीवर टेकलेली असतात.

अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यातील पानपिंपळी आपल्या भागाचे भूषण आहे. पिंपळीचे कणीस खडबडीत आणि सच्छिद्र असल्याने ते ओल लवकर धरते आणि आतली बुरशी बाहेरून दिसत नाही. अकोला जिल्ह्यातील आमच्या परिचयाच्या एका औषधविक्रेत्याने पावसाळ्याअखेर पिंपळीची दोन पोती आम्हांस दाखवली. पोत्यांचा तळ काळवंडला होता. वरचा माल निर्दोष वाटत होता. कोठाराच्या मागील भिंतीस न्हाणीघर होते. “डॉक्टरसाहेब, उनात टाकून चाळून घेतली त जमते काय?” असा त्याचा सरळ प्रश्न होता. किंमत थोडी नव्हती आणि तो माणूस लबाडही नव्हता. आम्ही नकार दिला आणि त्याची कारणे सांगितली. दोन्ही पोती त्याने शेताच्या बांधावर जाळली.

ती कारणे सर्वांनी ध्यानी घ्यावीत. काही बुरशा, विशेषतः ॲस्परजिलस फ्लेव्हस, अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. हे विष यकृतास घातक असून कर्करोगकारक म्हणून सिद्ध झाले आहे. बुरशी झटकली, चाळली, उन्हात वाळवली तरी विष द्रव्यात राहते आणि साध्या उकळण्याने ते नष्ट होत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत भिजलेला, बुरसटलेला मका खाल्ल्याने सुमारे ४०० लोकांना कावीळ झाली आणि शंभराहून अधिक दगावले. तो मका त्यांनी खाण्याआधी शिजवला होता, हे विसरून चालणार नाही. बुरसटलेल्या पिंपळीचे चूर्ण मधातून आपण ज्याला देणार, तो आधीच क्षीण झालेला असतो.

सर्वच द्रव्ये एकाच वेळी बिघडत नाहीत. काही आधी सूचना देतात. लवणभास्कर चूर्ण आणि क्षार पाणी सोडतात, सितोपलादीचे गठ्ठे होतात, गुग्गुळाच्या गोळ्या एकमेकींना चिकटतात, अवलेहावर पापुद्रा येतो. अशी बरणी आढळल्यास ती बदलून स्वस्थ न बसता खोली तपासावी. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी आणि वटी-अवलेहांचे वर्षाने उणावते असे सांगितले आहे. ते गणित योग्य जागी ठेवलेल्या औषधाचे आहे. ओलीत ठेवलेल्या औषधाला ही मुदत लागू पडत नाही.

चिकित्साक्रम

दुरुस्तीचा क्रम चुकला तर खर्च होतो आणि व्याधी तसाच राहतो. नुसते सांध्यांत पांढरे सिमेंट भरणे किंवा जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवणे ही लक्षणचिकित्सा होय. आत कोंडलेले पाणी मग शेजारच्या भिंतीत अधिक वर चढते. पुढील क्रम योग्य ठरेल.

प्रथम औषधसाठा त्या खोलीतून हलवावा. बुरशी दिसलेला सच्छिद्र माल, बारदाने, पुठ्ठे नष्ट करावेत. जनावरांस घालू नयेत, दान करू नयेत. काचेच्या बंद बरण्या बाहेरून धुऊन, पुसून, वाळवून घ्याव्यात.

दुसरे, पाण्याचे मूळ थांबवावे. नळ गळत असेल तर नळ, टाके असेल तर टाके, ट्रॅप असेल तर ट्रॅप. मूळ सापडेपर्यंत फरशीच्या नव्या रंगरूपाची चर्चाच करू नये.

तिसरे, पोकळ भागाची फरशी उकलून भिजलेला मसाला आणि मुरूम काढावा व खालचा थर वाळू द्यावा. येथे निसर्ग आपल्यावर प्रसन्न आहे. कोकणातील माणसाला जे दुर्लभ, ते वैशाखाचे ऊन आपल्याला फुकट मिळते. त्याहून स्वस्त रूक्षण नाही. म्हणून हे काम फाल्गुन ते वैशाख या काळात काढावे. कंत्राटदार घाई करील. परंतु वर सांगितलेल्या प्लास्टिकच्या कागदाखाली थेंब जमणे थांबेपर्यंत नवा थर टाकू देऊ नये.

चौथे, नवा कोबा करताना फरशीचा उतार ट्रॅपकडे दर मीटरला सुमारे १० ते १२ मिलिमीटर असावा. भिंत व फरशी यांच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई द्यावी आणि जलरोधक लेप भिंतीवर किमान एक फूट वर न्यावा, कारण पाणी बहुधा याच कोपऱ्यातून शिरते. फरशी बसवण्यापूर्वी पुन्हा २४ ते ४८ तास पाणी साठवून परीक्षा घ्यावी. गवंड्याचे अखेरचे पैसे या परीक्षेनंतर द्यावेत.

पाचवे, उरलेल्या पृष्ठभागाची शुद्धी. टाइल, काच, धातू साबणाच्या पाण्याने घासून कोरडे करावेत. प्लायवूड व गादी यांत बुरशी मुरली असेल तर ती टाकून देणेच श्रेयस्कर. काम करणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी, हातमोजे व चष्मा वापरावा आणि कोरडी बुरशी झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी. आणखी एक गंभीर सूचना : आपल्याकडे न्हाणीघर धुण्यास ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर दोन्ही सर्रास वापरतात. ही दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू निर्माण होतो. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. ती कधीही एकत्र किंवा एकामागोमाग वापरू नयेत.

सहावे, पुनरुद्भव टाळणे. मांडण्या भिंतीपासून आणि जमिनीपासून निदान एक वीत दूर ठेवाव्यात. शिंक्याचा मूळ हेतू तोच होता. कोठार न्हाणीघराच्या भिंतीस लागून असू नये; जागाच नसेल तर त्या भिंतीकडे फक्त काच व धातूची भांडी ठेवावीत. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक भिंतीवर लावून रोजची नोंद करावी. आकडा ६० टक्क्यांच्या आत राहावा, ७० च्या वर चार दिवस टिकला तर कारण शोधावे. पंचकर्मकक्षातील ट्रॅपची जाळी दररोज काढून तेलाचा राडा टिपून घ्यावा, नाल्यात लोटू नये. पाणी सांडलेच तर ते जागच्या जागी ४८ तासांच्या आत पूर्ण सुकेल असे पाहावे. बहुतेक वेळा त्यानंतरच बुरशी मूळ धरते.

धूपनाविषयी

गुग्गुळ, निंब, वचा, सर्षप यांचे धूपन आपल्या परंपरेत मान्य आहे आणि त्याचे स्थान आम्ही नाकारीत नाही. तथापि ओलसर खोलीत सायंकाळी धूप फिरवून कुबट वास झाकला गेला म्हणजे दोष गेला असे समजणे अयोग्य होय. धुराने फरशीखालचे पाणी आटत नाही. शिवाय धूम हा श्वासाच्या निदानांतच पठित आहे. ज्या खोलीत तमक श्वासाचा रुग्ण झोपतो तेथे दाट धूर करणे म्हणजे एका निदानावर दुसऱ्याची भर घालणे. धूपन करावयाचे ते ओल संपल्यानंतर, रुग्ण बाहेर असताना आणि खिडक्या पुढे उघडल्या जातील अशा बेताने करावे.

उपसंहार

अकोल्यास १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्याचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, अमरावती व अकोला दोन्हीकडे आयुर्वेद महाविद्यालये आहेत. वनस्पतीची ओळख, लागवड, गुणकर्म यांविषयी या संस्थांतून पुष्कळ शिकावयास मिळते. शेतातून निघालेली उत्तम मुसळी किंवा पिंपळी रुग्णाच्या मुखी पडेपर्यंत मधले जे काही महिने असतात, ते मात्र आपल्या कोठारात जातात आणि त्यांची जबाबदारी सर्वस्वी आपली असते.

येत्या मृगापूर्वी प्रत्येक व्यवसायबंधूने एक सायंकाळ यासाठी द्यावी. न्हाणीघराच्या भिंतीचा पायथा हाताने चाचपावा, फरशी ठोकून पाहावी, मागच्या मांडणीवरील पोते उचलून त्याचा तळ पाहावा आणि जे आढळेल त्याची नोंद तारखेसह करून ठेवावी. औषधविक्रेत्यांनी घाऊक माल घेताना पोत्याचे तोंड उघडून न थांबता तळ उघडून पाहण्याचा आग्रह धरावा. आपल्या आचार्यांनी वैद्याच्या ठायी दक्षता आणि शुचिता हे गुण अपेक्षिले आहेत. त्यांची परीक्षा नाडीवरील बोटांनी जशी होते, तशीच ती आपल्या कोठारातील फरशीनेही होते, एवढे नम्रपणे निवेदन करून आम्ही हा लेख येथे पुरा करतो.